चौथा चौकोन

दहावी ‘अ’च्या खिडकीतून सगळं मैदान दिसायचं. शाळा बांधणाऱ्याने हुशार पोरांचा विचार केलेला नसणार. केला असता तर त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं असतं. वर्षाली या वर्गाची वर्गशिक्षिका झाली तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात खालच्या तावदानांना वर्तमानपत्रं चिकटवून घेतली. बाकावरून मग फक्त आभाळ आणि पाण्याची टाकी दिसायची. उभ्या माणसाला मात्र मैदान तसंच दिसत राही. शिकवता शिकवता वर्षालीची नजर खाली जायची, निळ्या ट्रॅकसूटमधली एक ठेंगणी बाई कुठल्या तरी टोकाला तरातरा चालताना दिसायची आणि नजर पुन्हा फळ्यावर यायची. आता नजर जायची आणि परत यायचं विसरायची.

आई गेली त्याला महिना होत आला होता. कौशल्याबाई. शाळेत नुसतं ‘बाई’. दोन सत्रांत मिळून तीन हजारांवर पोरं, शिक्षकांत निम्म्या बायका, तरी ‘बाई’ म्हटलं की ती एकच. बाकीच्या सगळ्या ‘मॅडम’. मुलींचा खो-खो तिने या शाळेत रुजवला. रविवारी सकाळी दूध तापवताना छातीत दुखतंय म्हणाली, रिक्षात बसली, रुग्णालयाच्या पायऱ्या स्वतः चढली आणि दुपारी गेली. त्या पायऱ्या तिला चढू कशाला दिल्या, हे वर्षालीच्या मनात रोज एकदा येऊन जायचं.

तेव्हापासून तिला एका जागी बसवत नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत खुर्ची ओढायची, पेपर काढायचे, दोन तपासायचे आणि पाणी प्यायला उठायचं. तहान नसायची. घरी पुस्तक उघडायचं, चार पानं जायची, मग कळायचं की चारही पानांतलं काही आत गेलेलं नाही. जन्मभर जिने वाचून दिवस काढले तिला आता वाचन पुरत नव्हतं. ती रहाटणीतल्या घराच्या दोन खोल्यांतून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत अशी चालत राहायची. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा सहज विचारलंही, “फरशी बसवताय का गं?”

मंगळवारी शेवटचा तास संपला आणि मैत्री टेबलापाशी येऊन उभी राहिली.

मैत्री वाघमारे वर्गात पहिली नाही तर दुसरी यायची. जुलैपर्यंत ती खो-खो संघातली सगळ्यात चपळ मुलगीही होती. जुलैत तिचे वडील शाळेत आले. चाकणच्या एका कंपनीत ते क्वालिटी विभागात होते. “माझ्या वडिलांनी भट्टीपुढे आयुष्य काढलं, मी मशीनपुढे काढतोय,” ते म्हणाले. “हिने खुर्चीत बसून काढावं, एवढंच. हे वर्ष फक्त अभ्यास, मॅडम.” वर्षालीला ते पटलं. तिने त्याच संध्याकाळी आईला सांगितलं आणि मैत्री संघातून बाहेर पडली.

“मॅडम, पप्पा हो म्हणाले,” मैत्री आता म्हणत होती.

“कशाला?”

“शुक्रवारी चऱ्होलीला खेळायला. सेमीफायनल आहे ना. मीच विचारलं. फक्त ही एक मॅच, बाईंसाठी. तर ते वाद घालायच्याऐवजी नुसतं ‘जा’ म्हणाले.”

“आणि शनिवारी विज्ञानाची चाचणी?”

“झालाय अभ्यास.” तो झालेलाच असणार होता. मैत्री जरा घुटमळली. “बाईंनी माझी जागा ठेवली होती, मॅडम. सगळ्या सांगतात.”

“कुठली जागा?”

“चौथ्या चौकोनातली. मी तिथून सुरुवात करायचे. मी गेल्यावर तिथं बाई स्वतः बसायच्या. रोज.”

वर्षालीला हे कुणी सांगितलं नव्हतं. आईनेही नाही.

* * *

मुलींच्या संघाबरोबर बाईमाणूस लागतंच, म्हणून मुख्याध्यापकांनी शुक्रवारसाठी वर्षालीचं नाव घातलं होतं. “तुम्ही तर घरच्याच,” ते म्हणाले होते. तिने मान हलवली होती, पण अजून एकदाही मैदानावर पाऊल टाकलं नव्हतं. आज मैत्रीला काय ते कळवायचं होतं, त्याआधी संघ बघावा म्हणून ती जिना उतरली.

खो-खोतलं तिला काही कळत नव्हतं. लहानपणी ती आईबरोबर मैदानावर यायची ती पुस्तक घेऊन. रेषा आखायच्या फक्कीचं पोतं भिंतीशी असायचं, त्यावर बसून वाचायची आणि घरी जाताना फ्रॉक मागून पांढरा झालेला असायचा. आईने तिला कधी ‘खेळ’ म्हणून सांगितलं नाही. एकदाच म्हणाली होती, “पानं तरी भरभर उलट. तेवढाच व्यायाम.”

निरंजन सर शिट्टी गळ्यात अडकवून उभे होते. मुलांचा संघ त्यांचा होताच, आता मुलींचाही त्यांच्या गळ्यात पडला होता.

“या मॅडम, या. बघा यांची तऱ्हा. पळतात, पण दमच नाही राव. बाई गेल्या आणि हवाच गेली चाकातली.”

दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर आठ चौकोन. एकीचं तोंड शाळेकडे, तर पुढचीचं रस्त्याकडे, अशा आठ जणींनी बसायचं आणि नववीने पाठलाग करायचा. पळणारी मधूनही निसटू शकते. पाठलाग करणारीला मात्र रांग ओलांडता येत नाही. तिने बसलेलीच्या पाठीवर थाप मारायची, ‘खो’ म्हणायचं आणि तिच्या जागी बसायचं. उठलेली पुढे धावते. एवढं वर्षालीला माहीत होतं, कारण एवढं कुणालाही माहीत असतं.

सुरुवातीला चौथा चौकोन रिकामाच होता. थोड्या वेळाने फाटकातून एक काळीसावळी, किरकोळ मुलगी धावत आली, दप्तर भिंतीशी टाकलं आणि शाळेकडे तोंड करून त्या चौकोनात बसली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. डाव चालूच राहिला.

वर्षाली उभ्या उभ्या पाय बदलत बघत राहिली. आधी तिला नुसती धावपळ दिसली. मग हळूहळू त्यातलं काही वेगळं दिसायला लागलं. दुसऱ्या चौकोनात बसलेली उठत होती, तिच्या जागी वेगळी कुणी बसत होती. सहाव्यातली आठव्यात जात होती, आठव्यातली पुन्हा पहिल्या चौकोनात येत होती. सगळ्या जणी फिरत होत्या. ती उशिरा आलेली मुलगी मात्र जिथं बसली होती तिथंच होती. टाचा उचललेल्या, बोटं मातीत टेकलेली, मान वळलेली. ती आत्ता उठेल असं वाटायचं आणि धावणारी तिच्या मागून पुढे निघून जायची.

“सर, ती चौथी मुलगी कोण?”

“ती? दीपमाला. दहावी ‘ह’. मैत्रीच्या जागी घेतलेली. नवीन आहे, जरा ढिली आहे.”

“ढिली कशावरून? तिला कुणी उठवतच नाहीये.”

“असं कसं होईल,” म्हणून निरंजन सर बघायला लागले. बघता बघता त्यांची शिट्टी तोंडापर्यंत गेली आणि तिथंच राहिली. पळणाऱ्या मुलीलाही ते कळलं असावं. ती दीपमालाच्या समोर जाऊन कमरेवर हात ठेवून चक्क श्वास घेत उभी होती.

“च्यायला,” सर म्हणाले. “सॉरी, मॅडम. पण चऱ्होलीच्या पोरी हे दोन मिनिटांत ओळखतील. भर मैदानात आरामखुर्ची टाकलीये आपण त्यांच्यासाठी.”

त्यांनी शिट्टी मारली. मुली गोळा झाल्या. कस्तुरा कर्णधार होती. गावठाणातली, खांद्याने रुंद, आवाजाने त्याहून रुंद.

“कस्तुरा, चौथीला खो का देत नाही तुम्ही?” वर्षालीने विचारलं.

“देतो की, मॅडम.”

“नाही देत.”

“आवं, देतोच.”

“नाही गं, नाही देत आपण,” तेजस्विनी म्हणाली. ती संघातली सगळ्यात बारकी. कुणी तरी हसलं. मग कुणीच हसेना.

कस्तुराने ओढणीच्या सवयीने टी-शर्टचं टोक ओढलं. “तिथं बाई बसायच्या ना, मॅडम. मैत्री गेली. रिकामा चौकोन राह्यला की पोरींचा मेळ बिघडतो म्हणायच्या. मग सोताच बसायच्या, गुडघ्याला पट्टा बांधून. आता बाईंना खो कोण दिल? त्यांनी काय उठून पळायचं व्हय? म्हणून आमी त्यांच्या मागनं तसंच पुढं जायचो. हाताला सवयच झाली.”

“आणि दीपमाला?”

“ती मागनं यायची. उशिरानं.”

“बाई मैत्रीची जागा धरून बसायच्या,” तेजस्विनी म्हणाली. “सगळ्यांना माहितीये.”

“तेच म्हणतो मी,” निरंजन सर वर्षालीला बाजूला घेऊन म्हणाले. “मैत्रीला घ्या. बारा जणींत तिचं नाव आहेच, ते काही कुणी काढलेलं नाही. बाईंची इच्छा होती, पोरींची आहे, बापसुद्धा हो म्हणालाय. तुम्ही तिच्या वर्गशिक्षिका, शिवाय... म्हणजे... तुम्ही म्हणाल तसं करू.”

बोलणं चाललं होतं तेवढा वेळ दीपमाला चौकोनातच होती. तिला उठ असं कुणी म्हटलंच नव्हतं.

* * *

“आई, मैत्रीला सोड आता,” जुलैतल्या त्या संध्याकाळी वर्षाली म्हणाली होती. आई ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती, उभ्यानेच. बसून तिने कधी काही निवडलं नाही. वर्षालीने सगळे मुद्दे तयार ठेवले होते. वडील काय म्हणाले, बोर्डाचं वर्ष, खेळातून मिळणारे वाढीव गुण मैत्रीला लागणारही नाहीत. आईने एक जुडी संपवली, दुसरी हातात घेतली.

“बरं,” ती म्हणाली.

एवढंच. वाद नाही, आवाज नाही, भांडं आपटणं नाही. वर्षालीच्या हातात सगळे मुद्दे तसेच राहिले. त्या ‘बरं’ने तिला नंतर कितीतरी दिवस टोचलं. आईला राग आलाय, पण ती बोलत नाहीये, असं वाटायचं. एकदा विचारूया, असंही वाटायचं. मग सहामाहीची तयारी आली, मग तो रविवार आला.

आता तिला वाटलं, आपल्याला उत्तर मिळालं. आई बोलली नव्हती, पण रोज संध्याकाळी गुडघ्याला पट्टा बांधून मैत्रीच्या चौकोनात जाऊन बसत होती. सगळ्या मैदानासमोर. आपली मुलगी वरच्या खिडकीतून बघत असेल, हे ठाऊक असूनही. आणि मुलीने खिडकीतून शेकडो वेळा मैदान पाहिलं, पण ती बसलेली कधी दिसली नाही, कारण वर्षालीची नजर चालणाऱ्या बाईला शोधायची.

ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, बाहेरून आत गेली. मग उभ्यानेच निरंजन सरांना फोन लावला. “मैत्रीला घेऊ या,” ती म्हणाली.

“वा! बेस्ट. फक्त दीपमालाला तुम्ही सांगा, मॅडम. मला असलं नाही जमत. मी सांगायला जाईन आणि तिला दोन लाडू देऊन परत येईन.”

* * *

बुधवारी सराव सुरू झाला तरी दीपमाला आली नाही. नेहमीचा उशीर धरून वाट पाहिली, तरी नाही. वर्षाली फाटकापाशी उभी राहिली, पिंपळाच्या पारापर्यंत जाऊन आली, पुन्हा फाटकापाशी आली. वाट बघत थांबणं तिच्याने होईना, म्हणून ती सरळ निघाली. दहावी ‘ह’ला ती मराठी शिकवायची. दीपमाला शाळेच्या मागच्या गल्लीत राहते, एवढं तिला माहीत होतं. बाकी शेवटच्या बाकावरची, विचारल्याशिवाय न बोलणारी, एवढंच.

गल्लीत एकाला एक लागून पत्र्याच्या खोल्या होत्या. तिसऱ्या दाराच्या पायरीवर दीपमाला बसली होती. पुढ्यात तीन-चार वर्षांची बहीण, तिच्या केसांत कंगवा.

“अगंबाई, मॅडम!” दीपमाला कंगव्यासकट उठली. “या ना, आत या. चहा टाकते.”

“नको गं, इथंच बरं आहे.”

“मग बसा तरी.”

“मला बसवत नाही.”

“बाईंवानी,” दीपमाला म्हणाली आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू आलं. “त्या बी बसत न्हवत्या. एकदा हितं आलत्या, तर उभ्यानंच चहा प्याल्या. बसायच्या ते फक्त चौकोनात. ते बी माझ्यापायी.”

“तुझ्यापायी?”

“मग. आईची पहिली पाळी सुटती, पर कंपनीची बस कवा येईल सांगता येत न्हाई. ती येईस्तोवर हिला कुठं ठेवू?” तिने बहिणीच्या डोक्यावर टिचकी मारली. “बाईंनी मला संघात ये म्हणलं, तवा मी म्हणलं, मला नका घेऊ, मला रोज उशीर हुईल. तर म्हणल्या, हुऊ दे. तू येईपर्यंत तुझ्या जागेवर मी बसते. किती बी उशीर हुऊ दे. आन् खरंच बसायच्या. मी फाटकातून आले की म्हणायच्या, ‘आलीस बाई एकदाची! पायाला मुंग्या आल्या माझ्या.’ मग भाईर उभ्या राहून वरडायच्या, ‘चार! चार!’ तसं वरडलं की पोरी मला खो द्यायच्या. आता वरडणारं कुणी न्हाई.”

वर्षालीने दाराच्या चौकटीला हात लावला. पत्रा दिवसभराच्या उन्हाने अजून तापलेला होता.

“पण सगळ्या तर म्हणतात, त्या मैत्रीसाठी...”

“असंल बी,” दीपमाला म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. “मैत्री लई भारी खेळती. मी काय तिच्यासारखी न्हाई. पर ती एकदा बघाया आलती, सराव चालू असताना. बाई चौकोनातच होत्या. तिला म्हणल्या, ‘अभ्यास झाला का? मग बस बघत.’ उठल्या न्हाईत. मी आले, तवा उठल्या.”

गल्लीच्या तोंडाशी एक बस थांबल्याचा आवाज आला. धाकटीने मान वळवली, पण उतरणाऱ्यांत आई नव्हती.

वर्षालीला जुलैतला तो ओटा आठवला, कोथिंबिरीची जुडी आठवली. ‘बरं.’ त्या शब्दात राग नव्हता, टोमणा नव्हता, मुलीला द्यायचं काही उत्तर तर नव्हतंच. मैत्री जातेय; बरं. मग दुसरी मुलगी शोधायला हवी. तिला उशीर होतो, बरं. मग तोवर आपण बसू. आईने तेवढाच विचार केला असणार, आणि जुडी संपायच्या आत केला असणार. इतके दिवस त्या एका शब्दाला कान लावून आपण काय काय ऐकत राहिलो, याचं तिला नवल वाटलं. थोडं हसू आलं आणि थोडं पोरकंही वाटलं, कारण भांडण असतं तर निदान त्यात दोघी असत्या.

“तू आज आली का नाहीस?” तिने विचारलं.

“मैत्री परत येणार म्हणे. वर्गात पोरी म्हणत हुत्या.” दीपमाला आत गेली आणि संघाचा शर्ट घेऊन आली, धुऊन घडी घातलेला. “हा तिला द्या. पर तिला आखूड हुईल. उंच हाय ती.”

वर्षालीने शर्ट हातात घेतला नाही.

“उद्या घालून ये,” ती म्हणाली.

“उशीर हुईल, मॅडम.”

“होऊ दे. तोवर मी बसते.”

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. दीपमालाने तिच्या इस्त्रीच्या साडीकडे, पायातल्या चपलांकडे पाहिलं.

“तुम्हाला येतं का?”

“बसायला?” वर्षाली म्हणाली. “तेच तर येत नाही.”

* * *

मैत्रीला सांगणं सोपं गेलं नाही. गुरुवारी मधल्या सुट्टीत वर्षालीने तिला व्हरांड्यात बोलावलं आणि सरळ सांगितलं की शुक्रवारी ती राखीव असेल, चौथ्या चौकोनात दीपमाला बसेल.

“पण तुम्ही तर हो म्हणाला होतात.” मैत्रीचे डोळे भरून आले. आपल्याला रडू आलेलं तिला आवडलं नाही. तिने दुसरीकडे पाहिलं. “मी बाईंसाठी म्हणत होते, मॅडम.”

“माहितीये. मलापण तसंच वाटलं होतं. पण त्या जागेवर बाई दीपमालासाठी बसत होत्या. ती रोज उशिरा यायची म्हणून.”

मैत्री रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ती हुशार मुलगी होती. ती मनातल्या मनात तो दिवस पुन्हा बघत असावी, ज्या दिवशी बाई उठल्या नव्हत्या.

“म्हणून मला बघत बस म्हणाल्या,” ती शेवटी म्हणाली. मग नाक पुसलं. “मी आज आले तर चालेल? खेळायला नाही. यांना पळवायला. पोरी फार ढिल्या पडल्यात, जादा तासाला मी वरून बघते ना.”

“वरून? खिडकीला कागद लावलेत.”

“एका कोपऱ्यात फाटलाय, मॅडम,” मैत्री म्हणाली. “पहिल्यापासून.”

* * *

संध्याकाळी वर्षालीने चपला भिंतीशी काढल्या, पदर कमरेला खोचला आणि चौथ्या चौकोनात जाऊन बसली. मुली बघतच राहिल्या.

“अशा न्हाई, मॅडम, मांडी न्हाई घालायची,” कस्तुरा घाईने म्हणाली. “पूजेला बसलाय व्हय? टाचा वर. एक पाय म्हागं. हात खाली. हां.”

ते बसणं नव्हतंच. सगळं अंग उठायच्या बेतात होतं आणि उठायचं मात्र नव्हतं. मांड्या लगेच भरून आल्या, बोटांखाली खडे टोचायला लागले. समोर शाळेची इमारत होती. वरच्या मजल्यावर दहावी ‘अ’ची खिडकी, खालच्या तावदानांवर पिवळे पडलेले कागद. इथून वर बघणाऱ्याला त्या खिडकीत उभं असलेलं माणूस स्पष्ट दिसलं असतं. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा वर्षालीला कुठं जावंसं वाटत नव्हतं. तिची सगळी तगमग या एवढ्याशा चौकोनात मावत होती.

निरंजन सरांची शिट्टी वाजली. मैत्री पळायला उतरली आणि मैदान जागं झालं. ती कुणाला सापडत नव्हती. खांबाला वळसा घालायची, रांगेतून निसटायची, मागे वळून जीभ दाखवायची. “काय गं कस्तुरा, जेवली नाहीस का दुपारी?” आणि चौथ्या चौकोनाला खो मिळत नाही, हे दोन फेऱ्यांत तिने ओळखलं. ती थेट वर्षालीच्या समोर येऊन उभी राहिली, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. कमरेवर हात ठेवून ती हसली.

कस्तुरा पाठीमागून धावत आली. तिची पावलं वर्षालीला जमिनीतून कळली. ती आली, क्षणभर रेंगाळली आणि पुढे गेली.

“कस्तुरा!” वर्षाली मान वळवून ओरडली. “माझ्या मागून गेलीस!”

“तुम्हाला कसा देऊ, मॅडम? तुमी पडशाल.”

“पडेन. दे.”

“आवं, साडी...”

“दे म्हणते ना!”

कस्तुरा पुढच्या खांबाशी जाऊन त्याच बाजूने परत आली. मैत्री अजून तिथंच उभी होती, अगदी निवांत. पावलं जवळ आली, आणखी जवळ आली. वर्षालीला वाटलं, याही वेळी ती जाणार.

पाठीवर थाड्कन थाप बसली. खांदा हललाच.

“खो!”

वर्षाली उठली. कशी उठली ते तिला सांगता आलं नसतं. निऱ्या पायात आल्या, एक गुडघा मातीत गेला, ती सावरली आणि धावली. मैत्री किंचाळून पळाली; मॅडम खरंच उठतील, हे तिच्या हिशेबात नव्हतं. वर्षालीची बोटं तिच्या वेणीच्या रिबिनीला निसटती लागली, पण निरंजन सरांनी डोळे मिटल्यासारखं केलं. खांबाशी पोहोचेपर्यंत तिच्या छातीचा भाता झाला होता. सगळ्या मुली बसल्या जागेवरून ओरडत होत्या. “खो द्या, मॅडम! कुणाला पण! द्या ना!” तिने हाताला लागली त्या पाठीवर थाप मारली. ती तेजस्विनीची निघाली. तेजस्विनी बाणासारखी सुटली.

वर्षालीने मागे वळून पाहिलं. चौथ्या चौकोनात कस्तुरा बसली होती. खो दिला की तिथं बसायचं, म्हणून बसली होती. आपण कुठं बसलोय ते तिला त्यानंतर कळलं असावं. तिने हात वर करून स्वतःच्या दोन्ही बाजूंच्या रेषा पाहिल्या, मग पुन्हा बोटं मातीत टेकली.

फाटकातून दीपमाला धावत येत होती. अंगात संघाचा शर्ट होता.

“आलीस बाई एकदाची,” वर्षाली धापा टाकत म्हणाली. “पायाला मुंग्या आल्या माझ्या.”

दीपमाला थबकली. तिने वर्षालीच्या गुडघ्यावरची माती पाहिली, सुटलेल्या निऱ्या पाहिल्या. मग दप्तर टाकलं. निरंजन सरांनी नव्याने डाव लावला. दीपमाला चौथ्या चौकोनात बसली, कस्तुरा पाठलागाला उभी राहिली, मैत्रीने केस घट्ट बांधले.

वर्षाली रेषेबाहेर जाऊन उभी राहिली. निऱ्या नीट करायच्या होत्या, त्या हातातच राहिल्या. मैत्री पुन्हा त्याच जागेवर येऊन थांबली. तिलाही आता बघायचं होतं. कस्तुरा मागून आली. वर्षालीने तोंड उघडलं, ‘चार’ म्हणायला. पण ओरडायची वेळ आली नाही. थाप वाजली, कस्तुराचा खो साऱ्या मैदानाला ऐकू गेला आणि इतके दिवस साठवून ठेवल्यासारखी दीपमाला सुटली. मैत्रीने हुलकावणी दिली, रांगेतून निसटली. दीपमालाने पुढचीला खो दिला. मग कोण कुठं बसलं आणि कोण कुठून उठलं, याचा वर्षालीला मेळ लागेना. दीपमाला सातव्या चौकोनात दिसली, पहिल्यात दिसली, पुन्हा पळताना दिसली. चौथ्यात तेजस्विनी होती. थोड्या वेळाने पाहिलं तर तिथं तीही नव्हती.

“उद्या चालेल आता,” निरंजन सर शेजारी येऊन म्हणाले. “जिंकू का ते देव जाणे राव, पण आरामखुर्ची गेली.”

वर्षाली हो म्हणाली. तिला बसायचं होतं. फक्कीचं पोतं भिंतीशी होतं, तिथं जाऊन ती टेकली, साडी मागून पांढरी होणार हे माहीत असूनही. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कस्तुराच्या हाताची चुणचुण अजून होती.